एरिअलची आई

गरोदर बाई पहिल्यांदा दवाखान्यात नाव घालायला जाते तेव्हा तिचं हिमोग्लोबिन बघतात, रक्तगट बघतात, लघवी तपासतात, आणि त्याच रक्तातून आणखी एक चाचणी करतात. एचआयव्हीची. आता ही चाचणी इतकी सवयीची झाली आहे की बऱ्याच जणी विचारतही नाहीत. विचारलंच तर आशाताई सांगते, सगळ्यांचीच करतात गं, घाबरू नकोस. या 'सगळ्यांचीच करतात' इथपर्यंत पोचायला जगाला किती वर्षं लागली आणि त्यात कुणाकुणाची लेकरं गेली, हे मात्र आपल्याला फारसं माहीत नसतं.

आज मी त्यातल्याच एका आईबद्दल लिहिणार आहे. एलिझाबेथ ग्लेझर तिचं नाव. अमेरिकेत १९९० च्या आसपास हे नाव घराघरांत पोचलं होतं. तिला जाऊन आता तीस वर्षं उलटून गेली.

एलिझाबेथ जन्मली १९४७ साली, न्यूयॉर्कमध्ये. माहेरचं आडनाव मेयर. शिकली, आणि लहान मुलांच्या शिक्षणात पदव्युत्तर पदवी घेतली. म्हणजे आपल्याकडे बालवाडीच्या बाईंना जे शिक्षण लागतं, त्याच्या पुष्कळ पुढचं. मग ती लॉस एंजेलिसला आली, शाळेत शिकवू लागली, पुढे तिथल्या मुलांच्या संग्रहालयात काम करू लागली. मुलांमध्ये रमणारी बाई. १९७५ मध्ये तिची ओळख झाली पॉल मायकेल ग्लेझर या नटाशी. त्या काळी 'स्टार्स्की अँड हच' नावाची पोलिसांची एक मालिका तिकडे दूरदर्शनवर धुमाकूळ घालत होती, त्यातला स्टार्स्की म्हणजे हा पॉल. रस्त्याने चालला तर मुली मागे लागाव्यात असा. १९८० च्या ऑगस्टमध्ये दोघांनी लग्न केलं. पैसा होता, नाव होतं, छान घर होतं. दृष्ट लागावी असा संसार.

पुढच्याच वर्षी, १९८१ च्या ऑगस्टमध्ये, एलिझाबेथला मुलगी झाली. एरिअल.

बाळंतपणात रक्तस्राव फार झाला. आपल्याकडे अजूनही बाळंतिणी ज्या कारणाने दगावतात, तेच कारण. पण हे लॉस एंजेलिसमधलं मोठं रुग्णालय होतं. तिला सात बाटल्या रक्त चढवलं आणि ती वाचली. बाळ सुखरूप, बाळंतीण सुखरूप. कुठल्याही आईने करावं तेच तिने केलं, बाळाला अंगावर पाजलं.

आता इथे जरा थांबा आणि तारखा बघा. ५ जून १९८१ या दिवशी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याच्या साप्ताहिकात एक छोटीशी नोंद छापून आली होती. पाच तरुण पुरुषांना एक विचित्र न्यूमोनिया झाला आहे, एवढीच. पुढे ज्याला एड्स म्हणू लागले त्याची ही पहिली नोंद. ते पाचही रुग्ण लॉस एंजेलिसचेच! एरिअल जन्मली त्याच्या दोनच महिने आधीची ही गोष्ट. तेव्हा रोगाला नाव नव्हतं, विषाणू सापडला नव्हता. तो पॅरिसच्या संशोधकांना सापडला १९८३ मध्ये, आणि रक्त तपासण्याची चाचणी आली मार्च १९८५ मध्ये. म्हणजे एलिझाबेथला रक्त चढवलं तेव्हा ते तपासण्याचा काही मार्गच नव्हता. चूक डॉक्टरांची नव्हती, रक्त देणाऱ्याची नव्हती, तिची तर नव्हतीच.

पुढे रक्तातून हा रोग जातो अशा बातम्या यायला लागल्या तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने डॉक्टरांना विचारलं. त्यांनी धीर दिला, काळजीचं कारण नाही. तिने विश्वास ठेवला. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला, जेक. संसार पुरा झाला.

एरिअल चारेक वर्षांची झाली आणि सारखी आजारी पडायला लागली. पोट दुखायचं, रक्त कमी झालं, अंगात त्राण राहीना. तपासण्यांवर तपासण्या. कुणाला काही उमगेना. कुणाच्या डोक्यात तरी येणार कसं? अशा सुखवस्तू घरातली, नवरा-बायकोचा सुरळीत संसार असलेली, गोड पोरगी. एड्स म्हणजे 'तसल्या' लोकांचा रोग, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत. शेवटी १९८६ मध्ये तिची एचआयव्हीची चाचणी केली. ती निघाली बाधित.

मग चौघांचीही तपासणी झाली. एलिझाबेथ बाधित, एरिअल बाधित, दीड वर्षाचा जेकही बाधित. फक्त पॉल नाही. आईला लागण झाली ती चढवलेल्या रक्तातून. एरिअलला झाली आईच्या दुधातून. जेकला पोटात असतानाच.

मी स्वतः आई आहे. ही तीन छोटी वाक्यं लिहिताना मला पुन्हा पुन्हा थांबावं लागलं. जे दूध पाजताना आपण बाळाच्या केसांवरून हात फिरवतो, त्याच दुधातून... जाऊ द्या.

डॉक्टरांनी सल्ला दिला, कुणाला सांगू नका. तो काळच तसा होता. इंडियाना राज्यातल्या रायन व्हाइट नावाच्या शाळकरी मुलाला हिमोफिलियाच्या औषधातून लागण झाली होती, तर त्याला शाळेत येऊ देऊ नये म्हणून गावातले पालक पेटून उठले होते. एवढ्या शिकलेल्या देशात! ग्लेझर कुटुंबाने तोंड बंद ठेवलं. अगदी जवळच्या काही लोकांना सांगितलं. त्यातल्या काहींनी घट्ट धरून ठेवलं, काहींनी आपल्या मुलांना त्यांच्या घरी खेळायला पाठवणं बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही. फक्त फोन येईनासे झाले, वाढदिवसाची बोलावणी थांबली.

हे वाचताना तुम्हाला काही ओळखीचं वाटलं असेल. आमच्या महिला मंडळाच्या कामात अशी घरं मी पाहिली आहेत. हळदीकुंकवाला त्या घरातल्या सुनेला बोलावणं जात नाही. विचारलं तर म्हणतात, अहो राहून गेलं. दरवर्षी बरं तिचंच राहून जातं! आणि आपल्याकडे तर आणखी एक. बाईची तपासणी गरोदरपणात होते म्हणून आजार पहिल्यांदा कळतो तो तिचा. नवऱ्याची तपासणी नंतर होते, झाली तर. मग सासरचे म्हणायला मोकळे, हिनेच आणला. पहिल्यांदा कळलं तिच्याकडून म्हणून दोषही तिचाच. अशा किती जणी पोटातलं बाळ घेऊन माहेरी परत आल्या, त्याची गणती कोण करणार?

असो. एलिझाबेथकडे वळूया.

मार्च १९८७ मध्ये एझेडटी नावाचं औषध अमेरिकेत आलं. एड्सवरचं पहिलं औषध. पण मोठ्या माणसांसाठी. मुलांना ते द्यायला रीतसर परवानगी मिळाली मे १९९० मध्ये. म्हणजे मधली तीन वर्षं आई औषध घेऊ शकत होती आणि तिची लेक नाही. का? तर मुलांवर औषधाचा अभ्यासच झाला नव्हता. का झाला नव्हता? तर मुलांमधल्या एड्सकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं. संख्या कमी, आणि त्यातली बहुतेक गरिबांची, कृष्णवर्णीयांची मुलं. त्यांच्यासाठी बोलणार कोण?

दरम्यान एरिअलचं चालणं गेलं. मग बोलणं गेलं. सहा वर्षांची मुलगी अंथरुणाला खिळली. तिच्या आईने डॉक्टरांच्या मागे लागून लागून अखेर १९८८ मध्ये तिला एझेडटी शिरेतून सुरू करायला लावलं, कारण तसं दिलं की ते मेंदूपर्यंत जास्त पोचतं असं तेव्हाच्या संशोधनातून दिसू लागलं होतं. आणि काही आठवड्यांत नवल झालं. एके सकाळी एरिअल आईशी बोलली. कित्येक महिन्यांनी. मग हळूहळू उठून बसायला लागली, चार पावलं टाकायला लागली.

पण फार उशीर झाला होता. १२ ऑगस्ट १९८८ ला एरिअल गेली. आठ दिवसांपूर्वीच तिला सात वर्षं पुरी झाली होती.

त्या चार पावलांनीच एलिझाबेथला पुढची वाट दाखवली असं मला वाटतं. औषध आहे, ते काम करतं, हे तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते वेळेवर का मिळालं नाही एवढाच प्रश्न उरला होता. आणि घरात दुसरं लेकरू होतं, चार वर्षांचं, त्याच विषाणूसह वाढणारं. तिला रडत बसायला सवड नव्हती.

सुझन डिलॉरेंटिस आणि सूझी झीगन या दोन मैत्रिणींना तिने सोबत घेतलं. तिघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. त्यांच्यात कुणी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही, कुणी राजकारणात नाही. तिघी आया. त्या टेबलाशी १९८८ मध्ये मुलांमधल्या एड्सच्या संशोधनासाठी एक संस्था सुरू झाली, पीडिॲट्रिक एड्स फाउंडेशन. आपल्या बचतगटाची पहिली बैठक कुणाच्या तरी पडवीतच होते ना, तसंच!

फरक एवढाच की या बाईला मोठी दारं उघडता येत होती आणि तिने ती उघडली. नवऱ्याच्या ओळखी होत्या, सिनेसृष्टीतली माणसं होती. ती वॉशिंग्टनला गेली. १९८८ मध्ये तिने व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि नॅन्सी रेगन यांची भेट घेतली आणि आपली सगळी कहाणी सांगितली. रेगनसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. पण डोळ्यांत पाणी येणं वेगळं आणि तिजोरीचं कुलूप निघणं वेगळं. कितीतरी वर्षं या रोगाचं नावही जाहीरपणे न घेतलेलं ते सरकार, तिला हवं होतं तसं काही हललं नाही. ही गोष्ट ती कधी विसरली नाही आणि जगालाही विसरू दिली नाही.

मग खासदारांकडे वळली. दोन सेनेटर, ऑरिन हॅच रिपब्लिकन पक्षाचे आणि हॉवर्ड मेट्झेनबॉम डेमोक्रॅटिक पक्षाचे. दोघांचं एरवी एका मुद्द्यावर जमणं कठीण. पण १९८९ मध्ये दोघांनी मिळून मुलांच्या एड्ससाठी वॉशिंग्टनमध्ये निधी जमवण्याचा मोठा कार्यक्रम केला. या बाईने दोन्ही पक्षांना एका पंगतीला बसवलं म्हणा ना!

गंमत बघा, (गंमत कसली, पण तसं म्हणतात म्हणून) एवढं सगळं चाललं होतं आणि ही बाई हे का करते आहे हे बाहेर फार कमी लोकांना माहीत होतं. आपल्याच घरात आजार आहे हे तिने चव्हाट्यावर आणलं नव्हतं. जेकला शाळेत त्रास होईल ही भीती. पण त्या १९८९ च्या ऑगस्टमध्ये सनसनाटी बातम्या छापणाऱ्या एका साप्ताहिकाला त्याचा वास लागला. ते छापणारच होते. तेव्हा नवरा-बायकोने ठरवलं, दुसऱ्याने तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगू. लॉस एंजेलिस टाइम्सला त्यांनी स्वतःहून मुलाखत दिली.

आणि ज्याची तीन वर्षं भीती घातली होती ते तसं झालं नाही. उलट लोक पुढे आले. सगळेच नाही, पण पुष्कळ. प्रसिद्ध माणसांनी या कामाला चेहरा दिला. १९९० मध्ये, पदावरून उतरल्यावर, त्याच रोनाल्ड रेगननी तिच्या संस्थेसाठी टीव्हीवर एक जाहीर आवाहन केलं. पैसे मागण्यासाठी नाही, तर लोकांनी या मुलांना समजून घ्यावं म्हणून. सत्तेत असताना केलं असतं तर किती बरं झालं असतं, असं कुणाच्याही मनात येईल. पण एलिझाबेथने ते घेतलं. कामासाठी जो हात मिळेल तो धरायचा, हे तिला कळत होतं. मला तिचं हे फार आवडतं. आम्हीसुद्धा मंडळाच्या कार्यक्रमाला ज्या पुढाऱ्यावर पाठीमागे बोटं मोडतो त्याच्याच हस्ते नारळ फोडतो की नाही?

१९९१ मध्ये डिस्नेने मुलांच्या गाण्यांची एक ध्वनिफीत काढली, तिचं उत्पन्न या संस्थेला. त्यात गायलं कोणी? बॉब डिलन, पॉल मॅकार्टनी, ब्रूस स्प्रिंगस्टीन, लिटल रिचर्ड, नटी मेरिल स्ट्रीप. असले दिग्गज बालवाडीतली गाणी म्हणायला उभे राहिले! दरवर्षी लॉस एंजेलिसमध्ये नट-नट्या मुलांसोबत दिवसभर खेळतील अशी जत्रा भरू लागली. बाधित मुलाला कडेवर घेतलेला एखादा लाडका नट फोटोत दिसला की शंभर पत्रकांनी होत नाही ते काम होतं. आपल्याकडेही शबाना आझमींनी दूरदर्शनवर येऊन स्पर्शाने एड्स होत नाही हे सांगितलं होतं, ते माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. पुढे २०१० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कार्ला ब्रुनी यांना घेऊन ग्लोबल फंडने, एकही बाळ एचआयव्ही घेऊन जन्मू नये, अशी मोहीम काढली.

काही जण म्हणतात, हे सगळं दिखाऊ. दोन तास येतात, फोटो काढतात, जातात. त्यात तथ्य आहेच. पण एक विचारते. तुमच्या गावात दवाखान्यातल्या भिंतीवरचं सूचनापत्र कुणी वाचतं का? आणि टीव्हीवरच्या बाईने कुठला साबण वापरला हे कुणाला माहीत नसतं का? मग त्या ओळखीच्या चेहऱ्याने साबणाऐवजी कधी रक्ततपासणीबद्दल सांगितलं तर बिघडलं कुठे? फक्त मागे काम हवं. नुसता चेहरा आणि मागे औषध नाही, असं झालं तर ती फसवणूक. एलिझाबेथचं तसं नव्हतं. चेहऱ्यांनी आणलेला पैसा ती सरळ संशोधकांकडे नेत होती. आईकडून बाळाला लागण नेमकी कधी होते, कशाने होते आणि सगळ्याच बाळांना का होत नाही, हे शोधण्यासाठी तिच्या संस्थेने संशोधकांची एक योजना उभी केली. तिला नाव दिलं, एरिअल प्रोजेक्ट.

१४ जुलै १९९२. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन. हजारो माणसं, गडबड, गोंगाट, फुगे, टोप्या. एलिझाबेथ बोलायला उभी राहिली. बारीक, अशक्त झालेली. तिने आधी स्वतःचीच ओळख करून दिली, की या रुग्णांच्या वतीने बोलायला मी जरा विचित्रच बाई आहे, गोरी, पैसेवाली. मग एरिअलबद्दल सांगितलं. आपल्या लेकीने आपल्याला प्रेम करायला आणि धीर धरायला शिकवलं असं सांगितलं. दोन राष्ट्राध्यक्षांनी मोठमोठ्या गोष्टी केल्या आणि केलं काहीच नाही, हेही अगदी स्पष्ट सांगितलं. सभागृह गप्प झालं. माणसं रडत होती. महिन्याभराने रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात मेरी फिशर नावाची दुसरी एक आई, तीही बाधित, उभी राहिली. दोन पक्ष, दोन आया, रोग एकच.

तिच्या त्या 'गोरी, पैसेवाली' म्हणण्यावर मी पुष्कळ विचार केला. लोकांना तिचं दुःख चटकन कळलं, कारण तिला रक्तातून लागण झाली होती. निर्दोष! हा शब्द तेव्हा फार वापरला जायचा. निर्दोष बळी. म्हणजे बाकीचे दोषी? नवऱ्याकडून आलेली दोषी? पोट भरण्यासाठी रस्त्यावर उभी राहिलेली दोषी? आणि तिच्या पोटातलं बाळ? मला वाटतं एलिझाबेथला हे नीट समजलं होतं. आपल्याला मिळालेली सहानुभूती ज्यांना कधीच मिळणार नाही, त्यांच्यासाठी ती वापरायची, असं तिने ठरवलं होतं.

१९९४ च्या फेब्रुवारीत ती बातमी आली.

अमेरिका आणि फ्रान्समध्ये सरकारी पुढाकाराने एक मोठा अभ्यास चालू होता. बाधित गरोदर बायकांच्या दोन गटांपैकी एकीकडे गरोदरपणात, बाळंतपणाच्या वेळी आणि जन्मल्यावर बाळाला सहा आठवडे एझेडटी दिलं. दुसरीकडे दिलं नाही. औषध न मिळालेल्यांत शंभरातल्या जवळपास २५ बाळांना लागण झाली. औषध मिळालेल्यांत साधारण ८ बाळांना. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला आणि सगळ्यांनाच औषध देऊ केलं. पहिल्यांदाच सिद्ध झालं, की आईपासून बाळाला होणारी लागण अडवता येते. हे सगळं श्रेय एलिझाबेथचं असं मी म्हणणार नाही. शास्त्रज्ञांचं आहे, आणि स्वतःवर प्रयोग करू देणाऱ्या त्या चारशेहून जास्त गरोदर बायकांचं आहे. पण आई आणि बाळ हा विषय सरकारच्या टेबलावरून खाली पडू नये म्हणून सहा वर्षं जिने तो उचलून धरला, ती ही.

तेव्हा ती खूप आजारी होती. ३ डिसेंबर १९९४ ला कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या घरी ती गेली. सत्तेचाळीस वर्षांची.

ते औषध महाग होतं आणि महिनोन्महिने घ्यावं लागायचं. गरीब देशांना परवडणारं नव्हतं. १९९८ मध्ये थायलंडमध्ये दिसलं, की शेवटच्या थोड्या आठवड्यांत दिलं तरी लागण निम्म्याने कमी होते. १९९९ मध्ये युगांडात नेव्हिरापिन नावाच्या औषधाची कमाल दिसली. कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला एक मात्रा, बस. त्यानेही लागण जवळपास निम्मी झाली. एलिझाबेथच्या संस्थेने हे आफ्रिकेतल्या देशांत पोचवायला सुरुवात केली. आपल्याकडे २००० च्या सुमारास महाराष्ट्रासारख्या लागण जास्त असलेल्या राज्यांतल्या मोठ्या रुग्णालयांत याची चाचपणी झाली आणि २००२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००४ च्या एप्रिलपासून सरकारी रुग्णालयांत बाधितांना मोफत औषधं मिळू लागली, पहिल्या काही केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

आता तर एका गोळीवर भागवत नाहीत. २०१४ पासून आपल्या देशात प्रत्येक बाधित गरोदर बाईला कळल्याबरोबर रोजचं औषध सुरू करतात, ते तिने जन्मभर घ्यायचं. तिचंही आयुष्य वाढतं. बाळाला जन्मल्यावर काही आठवडे औषध देतात, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासतात, आणि अठरा महिन्यांनी शेवटची खात्री करतात. आई औषध नियमित घेत असेल तर बाळाला अंगावर पाजता येतं, पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच, वरचं काही नाही. औषधाशिवाय शंभरातल्या पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत बाळांना लागण होऊ शकते. सगळं वेळेवर झालं तर पाचापेक्षाही कमी.

'सगळं वेळेवर झालं तर', इथेच घोडं पेंड खातं. पहिली तपासणी सातव्या महिन्यात, कारण त्याआधी कुणाला सांगायचं नसतं. बाळंतपणाला माहेरी गेली की औषधाचं कार्ड सासरी राहतं. गोळ्या डब्यात लपवायच्या, कारण जावेला कळता कामा नये. एका मुलीला आम्ही लोणच्याच्या बरणीशेजारी मसाल्याच्या डब्यात गोळ्या ठेवायला सुचवल्या होत्या, कारण त्या फळीला घरात तिच्याशिवाय कुणी हात लावत नसे. आठवा महिना तिने तसाच काढला. तिचा मुलगा अठरा महिन्यांचा झाला तेव्हा तपासणीत काही निघालं नाही. परवा तो आमच्या मंडळाच्या अंगणात कोंबडीमागे धावत होता. त्याला यातलं काही ठाऊक नाही, आणि त्याच्या आजीलाही नाही.

कुणाला काही विचारायचं असेल, नाव न सांगता, तर १०९७ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. आणि २०१७ च्या कायद्याने (तो २०१८ मध्ये लागू झाला) बाधित माणसाला दवाखान्यात, शाळेत, नोकरीत नाकारणं बेकायदेशीर आहे, तिची माहिती तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगणंही. हे सासरच्यांनाही वाचून दाखवा.

एलिझाबेथ गेली तेव्हा जेक दहा वर्षांचा होता. तो फार जगणार नाही असंच सगळे धरून चालले होते. पण ती गेल्यावर वर्षभरातच, १९९५ च्या शेवटी आणि १९९६ मध्ये, औषधांची नवी पिढी आली. दोन-तीन औषधं एकत्र दिली की विषाणू दबून राहतो, माणूस कामाला लागतो. आणखी दीड-दोन वर्षं काढली असती तर तीही कदाचित... जेक मात्र वाढला, मोठा झाला, चाळिशीला आला, आणि आईच्या संस्थेसाठी जगभर बोलत फिरला. संस्थेच्या नावापुढे आता एलिझाबेथ ग्लेझरचं नाव लागलं आहे.